नको असलेले केस, लेसर आणि बालरोगतज्ज्ञ

बालरोगतज्ज्ञाने लेसरने केस काढण्याविषयी लिहावे, याचे स्मरणिकेच्या वाचकांना थोडे नवल वाटेल. हा प्रांत त्वचारोगतज्ज्ञांचा, आणि आपल्या मंडळात त्यांची उणीव नाही. तरीही लिहावेसे वाटले, याचे कारण असे की गेल्या दहा-बारा वर्षांत 'हिचे लेसर केव्हा करता येईल?' हा प्रश्न पुष्कळदा प्रथम माझ्याच टेबलासमोर विचारला जातो. विचारणारी आई असते. शेजारी मान खाली घालून बसलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी असते. आणि बाहेर तापाने फणफणलेली दहा मुले ताटकळत असतात.

वस्तुतः केसांची ही काळजी आपल्या घरांतून फार आधी सुरू होते. बाळ महिन्याचे होत नाही तोच आजी त्याच्या कपाळावरची आणि खांद्यावरची लव दाखवते आणि डाळीच्या पिठाचा किंवा कणकेचा गोळा फिरवू का, असे विचारते. पुष्कळदा विचारण्याच्या आधीच तो फिरवून झालेला असतो, आणि बाळाच्या पाठीवर पुरळ घेऊन मंडळी आलेली असतात. ती लव गर्भावस्थेतली असते. काही आठवड्यांत आपोआप गळून पडते. मुलगा असेल तर हा विषय तेथेच संपतो. मुलगी असेल तर तो तेरा वर्षांनी पुन्हा निघतो. अलीकडे यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. वडील डोक्याला मिनॉक्सिडिल लावतात आणि तेच डोके तान्ह्या बाळाच्या गालाला लागते. अशा बाळांच्या अंगावर राठ केस आल्याचे आढळल्यानंतर युरोपच्या औषधनियंत्रकांनी 2024 साली तशी सूचना दिली. पण ते जाता जाता.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहीत आहे, तो सांगतो. आठवीतली एक मुलगी, जन्मापासून माझ्याकडे येणारी. एका पावसाळ्यात सर्दी-खोकल्यासाठी आली असताना आईने हलक्या आवाजात सांगितले, "डॉक्टर, हिच्या हनुवटीवर केस येताहेत. वर्गातली मुलं 'मूंछवाली' म्हणतात. शाळेत जायला रडते." मी केसांकडे ओझरते पाहिले आणि म्हणालो, "वयात येताना असं होतंच. अभ्यासाकडे लक्ष दे." ती मुलगी काही बोलली नाही. त्या सगळ्या संभाषणाला दोन मिनिटेही लागली नसतील.

आठ-नऊ महिन्यांनी ती परत आली, ती चेहऱ्यावर ओढणी घेऊन. ओढणी काढली तेव्हा दोन्ही जबड्यांवर आणि हनुवटीखाली पोस्टाच्या तिकिटाएवढे काळसर चौकोन ओळीने उमटलेले दिसले. लेसरच्या हँडपीसचे टोक जेथे जेथे टेकले, तेथे तेथे त्वचा भाजली होती. पार्लरच्या वरच्या मजल्यावर नवे 'लेसर सेंटर' निघाले होते, सहा बैठकांचे पॅकेज होते, आणि घरात मे महिन्यात लग्न होते. तिसरी बैठक रंगपंचमीनंतर चार दिवसांनी झाली. इंदूरची गेर पाहायला ती राजवाड्यावर अर्धा दिवस उन्हात उभी होती, हे तिला कोणी विचारले नाही. वय किती, पाळी नियमित आहे का, हेही विचारले नाही. तिच्याबरोबर आजी आली होती. तिचा प्रश्न एकच होता, "डॉक्टर, या किरणांनी पुढं कॅन्सर नाही ना व्हायचा?"

आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. केस काढण्यासाठी किरण वापरण्याचा इतिहास लेसरच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी सुरू होतो, आणि त्याची सुरुवात एका लहान मुलीपासूनच होते. व्हिएन्नामध्ये 1896 साली डॉ. लिओपोल्ड फ्रॉइंड यांच्याकडे सुमारे पाच वर्षांची एक मुलगी आली. तिच्या पाठीवर मोठा केसाळ जन्मडाग होता. रॉंटगेनने क्ष-किरण शोधून जेमतेम वर्ष झाले होते. या किरणांनी केस गळतात असे फ्रॉइंडने वाचले होते. त्याने त्या मुलीच्या पाठीवर दिवसेंदिवस, दोन-दोन तास किरण सोडले. केस गळाले. मागाहून पाठीवर व्रण पडला आणि तो बराच काळ भरला नाही. सत्तर वर्षांनंतर तिची पुन्हा तपासणी झाली तेव्हा ती हयात होती. पाठीची त्वचा व्रणांनी आखडलेली होती आणि मणका वाकलेला होता. एवढे होऊनही 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या सौंदर्यगृहांतून क्ष-किरणांची यंत्रे चेहऱ्यावरचे केस काढण्यासाठी सर्रास वापरली गेली, आणि त्या स्त्रियांपैकी अनेकींना पुढे त्वचेचे कर्करोग झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्राएलमध्ये डोक्याच्या नायट्यासाठी हजारो मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गाळले गेले. त्या मुलांमध्ये थायरॉइड आणि मेंदूच्या आवरणाच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले.

लेसरचे तसे नाही, हे मी आजीला सांगितले. क्ष-किरण पेशीतील अणूंचे आयनीकरण करतात आणि गुणसूत्रांना इजा करतात. केस काढण्याच्या लेसरचा प्रकाश तांबड्या आणि अवरक्त पट्ट्यातला असतो: रूबी 694 नॅनोमीटर, अलेक्झांड्राइट 755, डायोड सुमारे 800 ते 810 आणि एनडी-याग 1064. या प्रकाशाने उष्णता निर्माण होते, गुणसूत्रे तुटत नाहीत. त्याने कर्करोग होतो असा पुरावा आढळलेला नाही. भाजण्याची भीती मात्र खरी आहे, आणि तिचे कारण ज्या तत्त्वावर लेसर चालतो त्या तत्त्वातच आहे.

हे तत्त्व अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी 1983 साली मांडले. त्वचेवर प्रकाश टाकला तर त्यातला जो रंगद्रव्याचा कण तो प्रकाश शोषून घेईल, तोच तापेल. आणि प्रकाशाचा स्पंद पुरेसा अल्पकाळ असेल तर ती उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच काम संपेल. केसाच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. काळा केस तापतो, त्याची उष्णता केशकूपातल्या मूळपेशींपर्यंत पोहोचते आणि त्या निकामी होतात. पांढऱ्या, करड्या किंवा सोनेरी केसांवर म्हणूनच लेसर चालत नाही. पण मेलॅनिन बाह्यत्वचेतही असते. गोऱ्या युरोपीय त्वचेवर काळा केस म्हणजे पांढऱ्या कागदावरची शाई. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर, फिट्झपॅट्रिकच्या वर्गीकरणात जी बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते, कागदही प्रकाश शोषतो. उन्हाने रापलेल्या त्वचेत हे अधिकच. अशा त्वचेसाठी लांब तरंगलांबीचा एनडी-याग अधिक सुरक्षित मानतात, कारण त्याचा प्रकाश बाह्यत्वचेतल्या मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो आणि खोल जातो. स्पंदाचा कालावधी लांबवतात, पृष्ठभाग थंड ठेवतात, आणि प्रथम एका कोपऱ्यात चाचणी घेऊन काही दिवस वाट पाहतात. आमच्या मुलीच्या बाबतीत यातले काहीच झाले नव्हते. रापलेल्या त्वचेवर, आधीच्या बैठकीत 'फरक पडला नाही' म्हणून वाढवलेल्या शक्तीचा लेसर चालवला गेला होता.

आता परिणामकारकतेविषयी. जाहिरातीत 'कायमचे' हा शब्द असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जो शब्द मान्य केला आहे तो 'कायमस्वरूपी घट' असा आहे, आणि त्याचा अर्थ उपचारांनंतर पुन्हा येणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे, एवढाच. सर्व केस नाहीसे होतील असे त्यात म्हटलेले नाही. 2006 सालच्या कॉक्रेन समीक्षेत 11 यादृच्छिक चाचण्या आणि 444 व्यक्तींचा विचार झाला. अलेक्झांड्राइट आणि डायोड लेसरने सहा महिन्यांपर्यंत केस सुमारे निम्म्याने कमी झाले. त्यापुढचा परिणाम कोणत्याही पद्धतीत सिद्ध झालेला नव्हता, कारण बहुतेकांनी तो पाहिलाच नव्हता. त्यानंतर यंत्रे सुधारली, अनुभव वाढला, आणि काखेतले किंवा पायांवरचे केस सहा-आठ बैठकांनंतर बरेच विरळ व बारीक होतात हे आपण सारेच पाहतो. बैठकी अनेक लागतात, कारण लेसर फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसाला मारतो आणि एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात. त्यासाठीच दोन बैठकींत चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांचे, अंगावर त्याहून थोडे अधिक अंतर ठेवतात. या काळात थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केले तर केस मुळासकट उपटला जातो आणि लेसरला लक्ष्यच उरत नाही. दाढीच्या पात्याने केस कापणे हेच योग्य. 'पात्याने केस राठ होतात' म्हणून आया घाबरतात. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच हे तपासून खोटे ठरवले आहे, तरी समज काही जात नाही.

चेहऱ्याची गोष्ट अधिक अवघड. हनुवटीवर आणि जबड्यावर जे केस येतात ते पुष्कळदा पुरुषसंप्रेरकांच्या आज्ञेने येतात. लेसर आज असलेल्या राठ केसांचे मूळ जाळील. पण आज जी लव आहे तिचे उद्या राठ केस करणारे संप्रेरक रक्तात तसेच वाहत राहते. शिवाय बारीक लवेवर अपुऱ्या शक्तीचा प्रकाश पडला तर काही जणींत तेथेच किंवा लगतच्या भागात केस वाढतात. हा उलटा परिणाम मुख्यतः चेहऱ्यावर व मानेवर, सावळ्या त्वचेत आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्यांत दिसतो. म्हणजे ज्या मुली आपल्याकडे लेसर मागायला येतात, त्यांच्यातच.

हे वाचून कोणी असे समजू नये की मी लेसरच्या विरुद्ध आहे. ब्रिटनमधील एका यादृच्छिक चाचणीत, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, बीजांडकोशाच्या पीसीओएस विकारामुळे चेहऱ्यावर केस असलेल्या स्त्रियांना पाच पूर्ण शक्तीच्या बैठकी दिल्या. आधी केस काढण्यात त्यांची आठवड्याची सरासरी 112 मिनिटे जात. ती 21 मिनिटांवर आली. नैराश्य आणि चिंतेची मोजमापेही खाली आली. आठवड्याची 112 मिनिटे! वर्गात 'मूंछवाली' म्हणवून घेणाऱ्या मुलीला मी दोन मिनिटे दिली होती. आमच्या शाखेत तर लेसरला आणखी एक जागा मिळाली आहे. माकडहाडाजवळच्या केसाळ नाडीव्रणासाठी अमेरिकेत 11 ते 21 वर्षांच्या 302 रुग्णांची चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांना लेसरची जोड दिलेल्यांत वर्षभरात 10.4 टक्क्यांना विकार उलटला, जोड न दिलेल्यांत 33.6 टक्क्यांना. तेथे लेसर म्हणजे प्रसाधन नव्हे, औषधच. किशोरवयात तो योग्य हातांनी करता येतो, याचाही हा पुरावा आहे.

धोक्यांपैकी दोन विशेष सांगतो. पहिला डोळ्यांचा. भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेसर करू नये. बुबुळातही मेलॅनिन आहे, आणि पापणी मिटल्याने तो प्रकाश अडत नाही. बाहुली वेडीवाकडी होणे, बुबुळाचा दाह, मोतीबिंदू, असे प्रसंग नोंदले गेले आहेत. दुसरा धोका बधिर करणाऱ्या मलमाचा, आणि तो बालरोगतज्ज्ञाला अधिक जवळचा. अमेरिकेत 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरपूर्वी पायांना तीव्र बधिरकारक मलम फासून वर प्लास्टिकचे आवरण गुंडाळले. दोघींना झटके आले, दोघी बेशुद्ध झाल्या आणि दगावल्या. अन्न व औषध प्रशासनाने 2007 साली त्यावरून जाहीर इशारा दिला. लिडोकेन त्वचेतून रक्तात जाते. त्याचे प्रमाण पृष्ठभागावर, वेळेवर आणि वजनावर ठरते. चाळीस किलोच्या मुलीला साठ किलोच्या बाईएवढे मलम फासले जात असेल, तर तेथे आपण मध्ये पडलेच पाहिजे. मलमात प्रिलोकेनही असेल तर मेथहिमोग्लोबिन वाढून ओठ निळे पडू शकतात. तान्ह्या मुलांत हे आपण सारेच शिकलेलो आहोत.

बाजारात मिळणारी घरगुती यंत्रे बहुधा लेसर नसतात. ती तीव्र प्रकाशाचे झोत टाकणारी असतात, आणि फार सावळ्या त्वचेवर ती वापरू नयेत असे त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते माहितीपत्रक आपण वाचावे. मुली वाचत नाहीत. तीळ आणि जन्मडाग यांच्यावरून कोणतेही यंत्र फिरवू नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असल्यास पूर्वी लेसर सहा महिने पुढे ढकलत. 2017 पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ही सक्ती शिथिल केली आहे, तरी निर्णय त्वचारोगतज्ज्ञाचा.

आता त्या मुलीकडे परत येतो. भाजल्यावर थंडावा, साधे मलम आणि उन्हापासून कडक बचाव एवढेच सांगून मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. ती गेल्यावर तिची जुनी फाइल काढली. त्यात माझ्याच हाताने भरलेला वाढीचा तक्ता होता. सातव्या-आठव्या वर्षी तिची उंची नेहमीची रेषा सोडून वर चढली होती. त्या वेळी मी तेथे 'छान वाढ' असे लिहिले होते. अकरानंतर रेषा सपाट झाली होती. तिसरीत वर्गात सर्वांत उंच असलेली मुलगी आठवीत पुढून दुसऱ्या रांगेत उभी राहत होती. आईला बोलावून पुन्हा सविस्तर विचारले. जांघेत केस सातव्या वर्षीच आले होते. 'लवकर वयात येतेय' म्हणून घरात कोणी वाच्यता केली नव्हती. पाळी दोन-दोन महिन्यांनी येत होती. मुरूम होते. सकाळी घेतलेल्या रक्तात 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे प्रमाण वाढलेले निघाले, आणि एसीटीएच देऊन केलेल्या चाचणीने निदान पक्के झाले: अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार, सौम्य प्रकारचा, उशिरा प्रकट होणारा.

हा विकार अप्रभावी जनुकांतून येतो. प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. तिला सहा वर्षांचा भाऊ होता. त्याच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो, असे आईने हसत सांगितले. तपासले तर जांघेत नुकतेच केस दिसू लागले होते, आणि डाव्या मनगटाच्या क्ष-किरणचित्रात हाडांचे वय साडेआठ वर्षांचे होते. त्याचा उपचार अंतःस्रावतज्ज्ञांनी वेळेवर सुरू केला. बहिणीसाठी ती वेळ निघून गेली होती. तिची हाडे जुळत आली होती, आणि तिची उंची आई-वडिलांच्या मानाने अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी राहिली.

म्हणून माझ्याकडे आता अशी मुलगी आली की मी प्रथम केस कोठे आहेत ते पाहतो. हातापायांवर सर्वत्र लव आहे की ओठ, हनुवटी, छाती, बेंबीखाली अशा पुरुषी जागी राठ केस आहेत, यावर पुढचा रस्ता ठरतो. पहिले बहुधा घराण्याचे देणे असते, क्वचित फेनिटॉइनसारख्या औषधाचे. दुसऱ्यात पाळी, मुरूम, मानेवरचा काळपटपणा, वजन आणि वाढीचा तक्ता पाहतो. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर गाठीची शंका घेऊन त्याच आठवड्यात तपासण्या करतो. पीसीओएसचे नाव मात्र घाईने देत नाही. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवर ते निदान करू नये, असे 2018 आणि 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे सांगतात. इंदुरात सोनोग्राफीचा असा कागद घेऊन आलेल्या चौदा वर्षांच्या मुली मला दर महिन्याला भेटतात. हे सर्व होईपर्यंत मुलीने ओठ-हनुवटीवरचे केस पात्याने काढावेत, त्यात काही वाईट नाही, हे तिच्या आईसमोर तिला सांगतो. आणि लेसर हवा असेल तर तो निदानानंतर, संप्रेरकांचा बंदोबस्त होत असताना, एनडी-याग वापरणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे करावा; उन्हाळ्यात आणि रंगपंचमीच्या आसपास नको, परीक्षा आटोपल्यावर मिळालेली मेची सुट्टी कितीही सोयीची वाटली तरी नको.

ती मुलगी पुढे सतराव्या वर्षी पुन्हा लेसरला तयार झाली. मी सुचवले नव्हते, तिनेच विचारले. पावसाळ्यात सुरुवात करून सात बैठकी झाल्या. हनुवटीवरचे केस आता विरळ आहेत. पाच-सहा महिन्यांनी एखादी बैठक लागते आणि लागत राहील, हे तिला ठाऊक आहे. जबड्यावरचे चौकोन जायला दीड वर्ष लागले; डाव्या बाजूचा एक नीट पाहिले तर अजून दिसतो. आता ती कॉलेजात आहे, आणि भावाला तपासणीसाठी तीच घेऊन येते. दर जूनमध्ये आम्ही त्याच्या मनगटाचे चित्र काढतो. मागच्या खेपेला हाडांचे वय आणि खरे वय यांतले अंतर सव्वा वर्षावर आले होते. यंदाचे चित्र अजून यायचे आहे.